आकाशातील जकातनाके

मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनाऱ्यावरील घरांचे आखाती देशांशी जडलेले नाते आता नवे राहिलेले नाही. या भागातील चाकरमानी एके काळी मुंबईच्या गिरणीत वा गोदीत जात असे. त्याचा नातू आज मस्कत, शारजा, कुवेत वा दोहा येथे नोकरीस जातो. जाताना त्याच्या सामानात सोले, सुका बांगडा आणि मालवणी मसाला असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. गेल्या वीस वर्षांत त्यात आणखी एका वस्तूची भर पडली. ती म्हणजे भारतीय दूरचित्रवाणी सेवेचा सेट-टॉप बॉक्स. जोडणी घ्यावयाची ती गावच्या पत्त्यावर. छत्री बसवावयाची ती परमुलखातील गच्चीवर. आणि महिन्याची वर्गणी भरावयाची ती गावी राहिलेल्या वडिलांनी वा भावाने. आखातातील भारतीयांमध्ये ही रीत सर्वपरिचित आहे आणि कोकणची किनारपट्टी तिला अपवाद नाही.

ही रीत जितकी सर्वपरिचित, तितकीच ती बेकायदा आहे, याची जाणीव मात्र फार थोड्यांस असते. भारतातील सेवा भारताच्या हद्दीपुरती दिलेली असते. ती हद्दीबाहेर वापरणे हा येथील कराराचा भंग आणि तेथील स्वामित्वहक्क कायद्याचाही भंग ठरतो. संयुक्त अरब अमिरातीतील अधिकाऱ्यांनी अशा बॉक्सच्या विक्रेत्यांवर वेळोवेळी कारवाई केली आहे. येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. ज्याने काही फुकट घेतले नाही, मागितलेले दाम महिन्याच्या महिन्याला मोजले, आणि त्या बदल्यात स्वतःच्या भाषेतील चार शब्द ऐकावयाचे म्हटले, त्यास अपराधी ठरविणारी ही व्यवस्था कितपत न्याय्य आहे? आणि ती बदलता येण्याजोगी आहे काय?

खाडीपलीकडचा आवाज

सरहद्दीपलीकडील प्रक्षेपण ऐकण्याची या किनाऱ्याला सवय आहे. १९६१ पर्यंत तेरेखोलच्या खाडीपलीकडे परराज्य होते. तेथे पोर्तुगिजांची सत्ता होती आणि त्या सत्तेचे ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी त्यावर तोडगा काढला तो अगदी साधा. त्यांनी रेडिओचा काटा फिरविला. देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि गोव्यालगतच्या मुलखातील श्रोत्यांस सिलोनबरोबर गोव्याचे केंद्रही हाताशी होते. १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला आपल्याच श्रोत्यांची मनधरणी करावी लागली, हा इतिहास प्रसिद्ध आहे.

त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. परंतु परवान्याची फी भरणाऱ्यास ‘तुम्ही कोणत्या देशाचे केंद्र ऐकता?’ असे कोणी विचारीत नसे. यंत्रावर कर होता, कानांवर नव्हता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली आणि सावंतवाडी-पेडण्याकडील नातलगांची एकमेकांच्या घरची वाट अडली. माणसांचे येणेजाणे थांबले. लहरींचे थांबले नाही.

इतकेच नव्हे, तर त्याच वर्षी या मुलखाने उलट दिशेनेही आवाज पाठविला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोमंतकाच्या मुक्तीसाठी गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याचा आरंभ आंबोलीच्या जंगलात झाला. पुढे ते कॅसलरॉकच्या रानात हलविण्यात आले. कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून हे केंद्र गोव्यातील जनतेशी बोलत असे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत हा आवाज थांबला नाही. पोर्तुगीज सरकारच्या दृष्टीने ते ऐकणे हा गुन्हा होता आणि आपल्या दृष्टीने ते ऐकविणे हे राष्ट्रकार्य होते. सरहद्द ओलांडून आलेला आवाज कायदेशीर की बेकायदा, हे त्या आवाजाच्या गुणावर क्वचितच ठरते; ते ठरते सरहद्दीवर कोणाचा पहारा आहे त्यावर.

कोलंबोतील छत्री

उपग्रहाने हा प्रश्न काही पटींनी मोठा केला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो आणि म्हणून एका जागी स्थिर असल्यासारखा भासतो. अशा तीन उपग्रहांनी साऱ्या जगाशी संपर्क साधता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली मांडली. तीस वर्षांनी भारताने तिचा एक भव्य प्रयोग केला. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण भारताच्या सीमेबाहेरचे एक घर मात्र त्या योजनेचे प्रेक्षक होते. श्रीलंकेत स्थायिक झालेल्या क्लार्क यांच्या कोलंबो येथील घरी भारतीय तंत्रज्ञांनी स्वतः जाऊन छत्री बसवून दिली होती. भारतीय उपग्रह दूरचित्रवाणी सरहद्दीपलीकडे पाहण्याचा तो अगदी आरंभीचा प्रसंग, आणि तो घडला तो सन्मानपूर्वक दिलेल्या भेटीतून.

याच सुमारास जगाच्या व्यासपीठावर मात्र वेगळा सूर उमटत होता. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या एकोणिसाव्या कलमाने कोणत्याही माध्यमातून, सरहद्दींचा विचार न करता, माहिती मिळविण्याचा हक्क मान्य केला होता. पण बलाढ्य राष्ट्रांचे उपग्रह आपल्या घराघरांत उतरतील, या भीतीने अनेक नवस्वतंत्र राष्ट्रे धास्तावली. १० डिसेंबर १९८२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बहुमताने ठराव केला, की दुसऱ्या देशासाठी थेट दूरचित्रवाणी सेवा उभारावयाची तर त्या देशाशी आधी विचारविनिमय व करार केला पाहिजे. पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्यास विरोध केला. ठराव कागदावर राहिला आणि तंत्र पुढे गेले.

ते किती पुढे गेले, हे आपण १९९१ साली आपल्याच घरांत पाहिले. हाँगकाँगहून प्रक्षेपित होणारी स्टार वाहिनी आली आणि १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी वाहिनी सुरू झाली. तिचे कार्यक्रम हिंदी, तिचे प्रेक्षक भारतीय, पण तिचे प्रक्षेपण हाँगकाँगचे. कारण भारताच्या भूमीवरून उपग्रहाकडे प्रक्षेपण करण्याची खासगी वाहिन्यांस तेव्हा मुभा नव्हती. शहरांत इमारतींवरून आणि गावांत माडांवरून केबलच्या तारा धावू लागल्या. त्यांचे नियमन करणारा कायदा झाला १९९५ साली. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी वाहणारे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. घरोघरी छत्रीवर थेट दूरचित्रवाणी घेण्यास सरकारने १९९७ साली बंदी घातली, २००० साली ती उठविली आणि २००३ साली देशातील पहिली खासगी थेट सेवा सुरू झाली. या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आज परमुलखात बसून भारतीय वाहिनी पाहणाऱ्यास ज्या दूषणांनी आपण संबोधतो, ती सर्व नव्वदीच्या दशकात आपल्या साऱ्या समाजास लागू होती. आपणही सरहद्दीपलीकडून येणारेच पाहत होतो. प्रथम लोकांनी पाहिले, मग कायद्याने पाहिले.

कुलूप आणि किल्ली

आजची अडचण मात्र वेगळ्या जातीची आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. उपग्रहाचा किरणझोत एका प्रदेशाकडे रोखलेला असतो. पण नकाशावरील रेघ पाहून तो थबकत नाही. झोताच्या कडेला तो क्षीण होतो इतकेच, आणि तेथे मोठी छत्री लावली की भागते. म्हणून सेवा देणारा आपला संदेश कुलूपबंद करतो. त्याची किल्ली म्हणजे बॉक्समधील कार्ड. वर्गणी भरली की किल्ली चालते, थकली की बंद पडते. या किल्लीस आपण शारजात आहोत की साळशीत, हे कळत नाही. कराराला मात्र ते कळते. सरहद्द आकाशात नसून करारात आहे.

या कराराची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. चित्रपट, मालिका, क्रिकेटचे सामने यांचे हक्क देशवार विकले जातात. भारतासाठी ज्याने हक्क घेतले, त्याने आखातासाठी पैसे मोजलेले नसतात. आखातासाठी ज्याने मोजले, त्याच्या दारातून स्वस्त भारतीय बॉक्स आत शिरू लागला तर त्याचा धंदा बसतो. धंदा बसला तर उद्या अधिकृतपणे वाहिनी आणणारा कोणी उरणार नाही, आणि त्याचे अंतिम नुकसान प्रेक्षकाचेच होईल. लेखक, नट, तंत्रज्ञ यांच्या कष्टांचे मोल या हक्कांवर अवलंबून असते. ‘आकाश सर्वांचे आहे’ एवढे म्हणून हा हिशेब उडवून लावता येणार नाही.

परंतु या युक्तिवादास एक मर्यादा आहे. जेथे अधिकृत दुकान आहे, तेथे चोरवाटेने जाणारा दोषी. पण जेथे दुकानच नाही, किंवा आहे तेथे आपणास हवा तो माल नाही, तेथे गिऱ्हाइकाने काय करावे? परदेशातील अधिकृत संच त्या त्या ठिकाणच्या गिऱ्हाइकांच्या संख्येवर बेतलेले असतात. ज्या भाषेचे गिऱ्हाईक मोठे, तिच्या वाहिन्या आधी. ज्या भाषेचे थोडे आणि विखुरलेले, तिची पाळी शेवटी. एखाद्या मराठी वाहिनीसाठी नको असलेल्या वाहिन्यांचा महागडा गठ्ठा घ्यावा लागतो, आणि तो परवडतो अधिकाऱ्यास, गवंड्यास वा वीजतंत्र्यास नव्हे. इंटरनेटने हे सारे मिटेल असे अनेकांस वाटले होते. प्रत्यक्षात कुलूप छत्रीवरून मोबाइलवर आले. ॲप प्रथम तुमचा देश पाहते, आणि मग काय दाखवावयाचे व कोणत्या दराने, ते ठरविते.

पणास काय लागले आहे?

एवढ्या खटाटोपाचे मोल काय, मालिका नाही पाहिल्या तर काय बिघडते, असा प्रश्न काही वाचक विचारतील. मालिकांच्या दर्जाविषयी त्यांचे मत कदाचित प्रस्तुत लेखकासही मान्य होईल. पण प्रश्न दर्जाचा नाही. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. सिंधुदुर्गातील आकेरी येथे तिचे चित्रण झाले आणि तिच्या पात्रांच्या तोंडी मालवणी बोली आली. जी बोली ग्रंथांत थोडी, शाळेत मुळीच नाही, आणि रंगभूमीवर दशावतारात व मच्छिंद्र कांबळी यांच्या नाटकांत जिने मान मिळविला, ती रोज रात्री घरात बोलू लागली. परदेशात जन्मलेल्या मुलास आईबापांखेरीज मालवणी बोलणारे तिसरे माणूस पाहावयास मिळते ते अशाच वेळी. दूरचित्रवाणी भाषा शिकवीत नाही, हे खरे. पण भाषा घरापुरती नाही, तिला बाहेरही जग आहे, एवढी साक्ष ती देते. गावी आजी आणि परदेशी नातू यांनी एकच गोष्ट एकाच रात्री पाहिलेली असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या दूरध्वनीवर ‘जेवलास काय?’ याच्या पुढेही काही बोलावयास उरते. दीड-अडीच तासांच्या वेळेचा फरक त्यात आड येत नाही, करार येतो.

दुसरे, पणास लागलेले आहे ते त्या नोकरदाराचे स्थैर्य. आखातातील वास्तव्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. गच्चीवरील छत्रीवरून निघालेले किरकोळ प्रकरणही त्यास महागात पडू शकते. बॉक्स विकणारा दलाल नफा घेऊन मोकळा होतो आणि जोखीम राहते ती वापरणाऱ्याच्या शिरावर. म्हणून या रीतीचे कौतुक करणे, ती चतुराई म्हणून मिरविणे, हे सर्वथा गैर आहे.

इतरांनी काय केले?

हा तिढा केवळ आपला नाही. कॅनडात अनेकांनी अमेरिकेतील खोटा टपालपत्ता देऊन अमेरिकी उपग्रहसेवेची वर्गणी भरण्याचा मार्ग पत्करला होता. २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कॅनडातील अधिकृत वितरकाखेरीज अन्य कोणाचाही कुलूपबंद संदेश उघडणे, वर्गणी भरली असली तरी, निषिद्ध आहे. युरोपने वेगळी वाट धरली. पोर्टस्मथ येथील एका मद्यगृहाच्या चालिकेने इंग्लंडमधील महागड्या सेवेऐवजी ग्रीसमधील सेवेचे कार्ड घेऊन फुटबॉलचे सामने दाखविले आणि तिच्यावर खटला झाला. ४ ऑक्टोबर २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, की दुसऱ्या सदस्य देशात रास्त दाम मोजून घेतलेल्या कार्डावर बंदी घालणे हे मुक्त सेवाव्यवहाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे. मात्र सामन्याच्या प्रक्षेपणातील स्वामित्वहक्काचा भाग चारचौघांत दाखविण्यास परवानगी लागते, हेही त्याच न्यायालयाने बजावले. पुढे १ एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघात असा नियम लागू झाला, की एका देशात घेतलेली इंटरनेटवरील सशुल्क सेवा प्रवासात वा तात्पुरत्या वास्तव्यात दुसऱ्या सदस्य देशातही, जादा आकार न घेता, मिळाली पाहिजे. हक्कांचा बाजार त्यामुळे कोसळला नाही.

युरोपची राष्ट्रे एका संघात बांधलेली आहेत, भारत व आखाती देश तसे नाहीत, हा आक्षेप योग्य आहे. तरीही त्या नियमामागील तत्त्व घेण्याजोगे आहे. वर्गणी ही भिंतीस चिकटलेली वस्तू नसून माणसाबरोबर चालणारी आहे, हे ते तत्त्व होय. आणि तात्पुरते वास्तव्य हा शब्द आखातातील आपल्या माणसास जितका लागू पडतो, तितका क्वचितच कोणास पडत असेल. कारण बहुतेकांस तेथील नागरिकत्व मिळत नाही आणि त्यांचे घर अखेर गावीच असते.

करण्याजोगे

पहिली जबाबदारी सार्वजनिक प्रसारणसंस्थेची आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीची जी निर्मिती स्वतःची आहे, तिचे हक्क कोणाकडून विकत घ्यावयाचे नाहीत. देशात २००४ सालापासून मासिक वर्गणीविना थेट सेवा देणाऱ्या प्रसार भारतीस तीच निर्मिती आखातातील मराठी माणसांसाठी उघडपणे, कायदेशीरपणे उपलब्ध करून देणे अशक्य नाही. आकाशवाणीची अनेक केंद्रे आज मोबाइलवर परदेशातही ऐकता येतात. कानांसाठी जे साधले ते डोळ्यांसाठीही साधावे. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसार भारतीने स्वतःचे इंटरनेट व्यासपीठही सुरू केले आहे. त्यावर मराठीचा विभाग परदेशस्थांस डोळ्यांपुढे ठेवून सजविला पाहिजे.

दुसरी जबाबदारी खासगी वाहिन्यांची. मराठी वाहिन्यांचा लहान, सुटा संच, कामगारास परवडेल अशा दराने, आखातातील वितरकांशी करार करून विकावयास ठेवला तर चोरवाटेचा निम्मा व्यवहार आपोआप सरळ वाटेने येईल. क्रिकेट आणि चित्रपट यांचे महागडे हक्क त्यातून वगळले तरी चालेल. मालिका आणि बातम्या एवढ्यावर बहुतेक घरे संतुष्ट होतील.

तिसरी जबाबदारी महाराष्ट्र शासनाची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्याचा आनंद आपण योग्य रीतीने साजरा केला. पण भाषेचे वैभव केवळ ताम्रपटांत आणि प्राचीन ग्रंथांत नसते. ती आज कोण, कोठे, किती सहजतेने ऐकू शकतो, यातही ते असते. परदेशस्थ मराठी माणसांस स्वभाषेतील प्रसारण कायदेशीरपणे मिळावे यासाठी केंद्राकडे आणि वाहिन्यांकडे पाठपुरावा करणे, हे भाषा विभागाचे काम समजले पाहिजे. कोकणातील लोकप्रतिनिधींनी तरी हा विषय उचलून धरावा. कारण त्यांच्या मतदारसंघातील अनेक चुली परदेशातून येणाऱ्या पैशावर पेटतात.

तोवर गावच्या वडीलधाऱ्यांनी खोट्या पत्त्याचा आग्रह धरू नये आणि धरणाऱ्या मुलास आवरावे, हेच शहाणपणाचे. पण त्यास आवरताना तो चोरी करीत होता, असे मात्र कोणी म्हणू नये. तो दुकान उघडण्याची वाट पाहणारा, हातात पैसे घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक आहे. ज्या मालाची मागणी आहे, ज्याचे दाम मोजावयास माणूस तयार आहे आणि जो आकाशातून त्याच्या डोक्यावर आधीच पडतो आहे, तो त्यास विकत देण्याची सोय करता न येणे, हे विक्रेत्याचे आणि राज्यकर्त्यांचे अपयश होय. ते अपयश ग्राहकाच्या माथी गुन्हा म्हणून मारण्यात कोणताही न्याय नाही.